हिरव्यासाठीची रचना, निळा डोपंट: एफआयआरपिकच्या एका ओएलईडीचं निदान

एक ओएलईडी (वीज दिली की उजेड देणारा, सेंद्रिय थरांचा दिवा) समोर आहे. काचेवर आयटीओ (पारदर्शक विद्युतवाहक थर), त्यावर ४० नॅनोमीटर एनपीबी (छिद्रं, म्हणजे धन विद्युतभार, वाहून नेणारा), मग सीबीपी या होस्टमध्ये, म्हणजे यजमान पदार्थात, ८ टक्के एफआयआरपिक हा डोपंट (मिसळलेला, उजेड देणारा इरिडियमचा रेणू) असा ३० नॅनोमीटरचा उजेड देणारा थर, १० नॅनोमीटर बीसीपी (छिद्रं अडवणारा), ४० नॅनोमीटर अ‍ॅल्क्यू३ (इलेक्ट्रॉन वाहून नेणारा), १ नॅनोमीटर लिथियम फ्लोराइड आणि शेवटी १०० नॅनोमीटर अ‍ॅल्युमिनियम. तक्रारी तीन. उजेड आकाशी हवा तिथे हिरवट दिसतो. कार्यक्षमता अपेक्षेच्या निम्म्याहून कमी आहे. आणि काही तासांतच उजेड निम्म्यावर येतो.

हे कुण्या एका प्रयोगशाळेचं प्रकरण नाही. हिरव्यासाठी जमलेली रचना तशीच ठेवून फक्त डोपंट बदलला की जे हाती येतं, त्याचं हे ठरावीक चित्र आहे. इरिडियमच्या हिरव्या कॉम्प्लेक्सने १९९९ साली ८ टक्के बाह्य क्वांटम कार्यक्षमता (दर शंभर इलेक्ट्रॉनांमागे बाहेर पडलेले प्रकाशकण) दिली, ती एनपीबी, सीबीपी, बीसीपी, अ‍ॅल्क्यू३ याच क्रमात. त्यामुळे ती रचना हातात बसलेली असते, सगळे पदार्थ कपाटात असतात, आणि नवा डोपंट आला की तो त्याच मुशीत जातो. उजेड बिघडला की पहिला आरोप पावडरीवर. मग पुन्हा संप्लवन (निर्वातात तापवून वाफेवाटे शुद्ध करणं), पुन्हा तेच उपकरण, पुन्हा तोच हिरवट उजेड.

तीन तक्रारींची मुळं तीन ठिकाणी आहेत. ती वेगळी काढल्याशिवाय हात लावू नये.

पावडर: आधी तिचा निकाल लावा

एफआयआरपिकमध्ये इरिडियमला दोन डायफ्लोरोफेनिलपिरिडिन लिगंड (धातूला धरणारे रेणू) आणि एक पिकोलिनेट धरून असतो. रेणूभार ६९४.७. पातळ द्रावणात उजेडाचं शिखर ४७० नॅनोमीटरच्या आसपास आणि ४९५ ते ५०० जवळ एक खांदा. हा खांदा रेणूच्या कंपनांमुळे येतो, अशुद्धीमुळे नव्हे. तो पाहून पावडर बाद करणं ही नेहमीची चूक आहे.

संश्लेषण दोन पायऱ्यांचं. १ मिलिमोल इरिडियम क्लोराइड ट्रायहायड्रेट (०.३५३ ग्रॅम), २.३ मिलिमोल लिगंड (०.४४ ग्रॅम), १५ मिलिलीटर २-इथॉक्सिइथेनॉल आणि ५ मिलिलीटर पाणी, नायट्रोजनखाली २४ तास उकळत ठेवायचं. पिवळा साका बसतो. हा क्लोरीनच्या पुलाने जोडलेला डायमर, म्हणजे दोन इरिडियमचा जोडरेणू. गाळून पाण्याने आणि मग थंड इथेनॉलने धुवायचा. दुसऱ्या पायरीत ०.५ मिलिमोल डायमर (०.६०८ ग्रॅम), १.२५ मिलिमोल पिकोलिनिक आम्ल (०.१५४ ग्रॅम) आणि ५ मिलिमोल सोडियम कार्बोनेट (०.५३ ग्रॅम) त्याच द्रावकात १०० ते १२० अंशांवर रात्रभर. सगळं जमलं तर जास्तीत जास्त ०.६९५ ग्रॅम मिळू शकतं. प्रत्यक्षात अर्थातच कमी.

इथे एक बारीक खाच आहे. इरिडियम क्लोराइडच्या बाटलीवर ‘ट्रायहायड्रेट’ छापलेलं असलं तरी आतलं पाणी बदलतं. ट्रायहायड्रेटमध्ये इरिडियम ५४.५ टक्के बसतो. सोबतच्या प्रमाणपत्रावर वेगळा आकडा असेल तर वजन त्या आकड्यावरून काढायचं. तसं न केल्यास लिगंडचं गुणोत्तर पहिल्याच दिवशी चुकतं, आणि अपुरा लिगंड पडला तर डायमर मळकट येतो.

शुद्धता तपासायला सर्वांत बोलकी परीक्षा फ्लोरीनच्या एनएमआरची (चुंबकीय अनुनादाने वेगवेगळ्या जागचे अणू ओळखणारी चाचणी). डायमर सममित असल्याने त्याचे फ्लोरीन दोनच संकेत देतात. एफआयआरपिकमधले दोन लिगंड एकसारखे नाहीत, एकासमोर पिकोलिनेटचा ऑक्सिजन येतो आणि दुसऱ्यासमोर नायट्रोजन, म्हणून चार फ्लोरीनचे चार वेगळे संकेत. चारच, सारख्या क्षेत्रफळाचे, तर बरं. शिवाय दोन बारीक संकेत दिसले तर डायमर उरला आहे. त्यातलं क्लोरीन उपकरणात जाऊ देऊ नये. चाराच्या जोडीला आणखी चारांचा संच दिसला तर समघटकाची (तेच अणू, वेगळी मांडणी) शंका घ्यावी. तो बहुधा संप्लवनाच्या उष्णतेने तयार होतो.

संप्लवनाबद्दल एक गैरसमज पक्का आहे: जितक्या वेळा कराल तितकं शुद्ध. सेंद्रिय होस्टच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. अशा कॉम्प्लेक्सच्या बाबतीत नाही. नळी घाईने तापवली तर रेणूची मांडणी बदलू शकते, एखादा फ्लोरीन गळू शकतो, पिकोलिनेट सुटू शकतो. १०च्या उणे सहाव्या घाताच्या टॉरपर्यंत निर्वात नेऊन तापमान थोडं थोडं चढवायचं आणि पावडर जेमतेम हलू लागली की तिथेच थांबायचं. मधला स्वच्छ पिवळा पट्टाच घ्यायचा, दोन्ही टोकं सोडून द्यायची. मागे उरलेला गाळ दर वेळी आणखी काळा दिसत असेल तर संप्लवनच पदार्थ खराब करतं आहे.

वस्तुमान वर्णपट हा दुसरा साक्षीदार. प्रोटॉन धरलेला रेणू ६९६ वर येतो. इरिडियमचे १९१ आणि १९३ हे समस्थानिक साधारण ३७ आणि ६३ या प्रमाणात असल्याने प्रत्येक खऱ्या संकेताला दोन एकक खाली त्याच प्रमाणातला जोडीदार असतो. जोडीदार नसेल तर तो इरिडियमचा संकेत नाही. फ्लोरीनच्या जागी हायड्रोजन आला असेल तर ६७८ वर जोडी दिसते. ५७३ म्हणजे पिकोलिनेट गेलेला आयन. मात्र हा मोजणीच्या यंत्रातही तयार होतो. म्हणून ५७३ दिसलं की घाबरायचं नाही, तो घटक वेगळे करणाऱ्या स्तंभातून कितव्या मिनिटाला बाहेर पडला ते पाहायचं. ६९६ च्या बरोबर आला तर यंत्राची करामत, वेगळ्या वेळी आला तर पावडरीतला दोष.

फ्लोरीन गळालेल्या रेणूचा उजेड हिरव्याकडे सरकतो. चारही फ्लोरीन नसलेलं भावंड ५०५ नॅनोमीटरच्या आसपास चमकतं. तरी याच्या अंशाने सगळा रंग हिरवट होईल का? पावडरीत तो १ टक्का असला तर ८ टक्के डोपिंगच्या थरात त्याचा वाटा ०.०८ टक्के. एवढा कमी वाटा डोळ्याला हिरवट दिसायला सहसा पुरत नाही. आयुष्याला मात्र तो बाधू शकतो.

शेवटची खूण उजेडाचीच. पावडर डायक्लोरोमिथेनमध्ये पातळ विरघळवून २० मिनिटं आरगॉनचे बुडबुडे सोडायचे आणि वर्णपट घ्यायचा. ऑक्सिजन न काढता मोजलं तर चांगली पावडरही मेल्यासारखी दिसते. ट्रिप्लेट अवस्था (रेणूची उजेड देणारी उद्दीपित अवस्था) दीड मायक्रोसेकंदाच्या आसपास टिकते, आणि तेवढ्या वेळात ऑक्सिजनशी गाठ पडायला भरपूर वाव असतो. या परीक्षेत शिखर ४७० ला आणि खांदा शिखरापेक्षा ठळकपणे बुटका आला की पावडरीवरचा आरोप मागे घ्यायचा. आपल्या प्रकरणात इथे पावडर निर्दोष सुटते.

होस्ट: खालच्या पायरीवरून वर चढणं

कार्यक्षमतेच्या तक्रारीचं पहिलं मूळ इथे आहे. एफआयआरपिकची ट्रिप्लेट ऊर्जा २.६२ ते २.६५ इलेक्ट्रॉनव्होल्ट. सीबीपीची २.५६. म्हणजे होस्ट पाहुण्यापेक्षा, डोपंटपेक्षा, खाली बसला आहे. हिरव्या कॉम्प्लेक्सची ऊर्जा २.४ च्या आसपास, त्यामुळे तिथे सीबीपी वरून खाली ऊर्जा देत होता. तोच सीबीपी निळ्याला उलट खाली ओढतो.

फरक ०.०६ इलेक्ट्रॉनव्होल्टचा. खोलीच्या तापमानाला औष्णिक ऊर्जा ०.०२६ असते, म्हणजे वर चढायची शक्यता खाली पडण्याच्या साधारण दहावा हिस्सा. वाट बंद नाही, अवघड आहे. म्हणूनच सीबीपीत एफआयआरपिक चमकतो आणि म्हणूनच चूक लक्षात येत नाही. २००१ मध्ये याच जोडीने ५.७ टक्के बाह्य कार्यक्षमता दिली होती. २००३ मध्ये एमसीपी हा २.९ इलेक्ट्रॉनव्होल्टचा होस्ट घेतल्यावर ती ७.५ टक्क्यांवर गेली. शेजारच्या थरांचीही ट्रिप्लेट ऊर्जा वर नेल्यावर पुढे याच रेणूने २० टक्क्यांच्या पुढची उपकरणं दिली.

तपासायला उपकरण बनवायची गरज नाही. क्वार्ट्झच्या दोन पट्ट्या घ्या. एकीवर ५० नॅनोमीटर सीबीपीत ८ टक्के डोपंट, दुसरीवर तेवढाच एमसीपीत. दोन्ही नायट्रोजनखाली, अतिनील प्रकाशात शेजारी शेजारी ठेवा. आधी खोलीच्या तापमानाला पाहा, मग द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून. ७७ केल्विनला ०.०६ ची तीच चढण औष्णिक ऊर्जेच्या नऊ पट होते, चढायची शक्यता दहा हजारांत एकावर येते. एमसीपीची पट्टी निळी राहते. सीबीपीची निळाई विझत जाते, कारण होस्टवर पडलेली ऊर्जा पुन्हा वर येतच नाही. दोन पट्ट्यांतला हा फरक उघड्या डोळ्यांनी कळतो. प्रकरणातल्या होस्टवर याहून सरळ पुरावा मिळणार नाही.

एमसीपीचा दोषही सांगायला हवा. त्याचं काचसंक्रमण तापमान ६० अंशांच्या आसपास. थर गरम झाला की तो स्फटिक धरतो. झाकण बसवताना गोंद पिकवायला ८० अंशांची भट्टी वापरत असाल तर एमसीपीचं उपकरण आतच ठिपकेदार होईल. अतिनील प्रकाशाने पिकणारा गोंद घ्यायचा आणि पिकवताना उजेड थरांवर पडू द्यायचा नाही.

शेजारी: उजेड न दाखवता नेणारा

होस्ट बदलूनही कार्यक्षमता थोडीच वाढते आणि माणूस बुचकळ्यात पडतो. कारण दुसरा चोर शेजारच्या थरात आहे.

एनपीबीची ट्रिप्लेट ऊर्जा २.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट. त्याला चिकटून असलेल्या एफआयआरपिकच्या रेणूने ऊर्जा त्याच्याकडे सोडली की ती संपलीच. एनपीबीचा ट्रिप्लेट खोलीच्या तापमानाला चमकत नाही, म्हणून वर्णपटात काहीही नवं दिसत नाही. रंग ठीक, फक्त उजेड कमी. अशा तोट्याचा माग वर्णपटात शोधत बसणं व्यर्थ आहे.

तो होतो आहे हे कळायला आडवळणाचा पुरावा घ्यावा लागतो. एनपीबीतून छिद्रं सीबीपीत शिरताना अर्ध्या इलेक्ट्रॉनव्होल्टचा उंबरा लागतो, कारण एनपीबीची छिद्रपातळी ५.४ ते ५.५ आणि सीबीपीची ६ च्या जवळ. छिद्रं उंबऱ्यावर तुंबतात, इलेक्ट्रॉन पलीकडून तिथवर येतात, आणि पुनर्मीलन (छिद्र आणि इलेक्ट्रॉन यांची भेट, जिथून उजेड निघतो) नेमकं एनपीबीच्या कडेला होतं. काही इलेक्ट्रॉन उंबरा ओलांडून एनपीबीत जातात आणि ४४० नॅनोमीटरला बारीकसा निळा-जांभळा फुगवटा देतात. विद्युतप्रवाह वाढवत वर्णपट घ्या. तो फुगवटा दिसत असेल तर पुनर्मीलन एनपीबीला खेटून आहे, आणि तिथे असेल तर ट्रिप्लेटची गळतीही आहेच.

दुसऱ्या बाजूचे बीसीपी (सुमारे २.५) आणि अ‍ॅल्क्यू३ (सुमारे २.०) हेही निळ्यापेक्षा खाली आहेत. बीसीपी थेट टेकलेला असल्याने तोही ऊर्जा खातो, पुनर्मीलन दूर असल्याने कमी.

हिरवटपणा: अ‍ॅल्क्यू३ वर संशय, दोष अंतराचा

अ‍ॅल्क्यू३ स्वतः ५२० ते ५३० नॅनोमीटरला हिरवा चमकतो. साहजिकच बोट तिकडे जातं. पण बीसीपी छिद्रं चांगली अडवतो. खात्री करायला एक उपकरण असं बनवावं की अ‍ॅल्क्यू३ काढून त्याच्या जागी तेवढ्याच जाडीचा बीसीपी. फक्त हाच एक बदल. हिरवटपणा तसाच राहिला तर अ‍ॅल्क्यू३ सुटला. अशा रचनेत तो सहसा सुटतोच.

खरा दोष अंतराचा आहे. पुनर्मीलन एनपीबीच्या कडेला, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमपासून ३० अधिक १० अधिक ४० असं ८० नॅनोमीटर दूर. धातूवरून परतलेला प्रकाश सरळ बाहेर जाणाऱ्या प्रकाशाला मिळतो, आणि कुठली तरंगलांबी बळावेल हे या अंतरावर ठरतं. सेंद्रिय थराचा अपवर्तनांक १.७५ धरला तर ४७० नॅनोमीटरसाठी पाव तरंगलांबी ६७ नॅनोमीटर येते. धातूच्या आतला कलाबदल धरला की प्रत्यक्षात सोयीचं अंतर ४० ते ६० मध्ये पडतं. ८० वर ५०० च्या पुढचा भाग बळावतो. आपल्या रेणूचा खांदा नेमका तिथेच आहे. खांदा शिखराच्या उंचीला आला की डोळ्याला हिरवट दिसतं. रेणूचं काहीच बिघडलेलं नसतं.

तपासणी सोपी. क्वार्ट्झवरच्या पट्टीचा वर्णपट आणि उपकरणाचा वर्णपट एकावर एक ठेवा. शिखरं जागच्या जागी आणि फक्त खांदा उंच असेल तर कारण प्रकाशाच्या मार्गात आहे. मग उपकरण तिरकं करून पाहा. कोनाबरोबर रंग बदलत गेला की शंका उरत नाही.

अपेक्षा मात्र योग्य ठेवावी. सगळं नीट जमलं तरी एफआयआरपिकचे रंगांक, म्हणजे रंग सांगणारे दोन आकडे, (०.१६, ०.२९) च्या आसपास, बऱ्याच उपकरणांत दुसरा आकडा ०.३३ च्याही पुढे. पडद्यासाठीचा निळा (०.१५, ०.०६). ते अंतर थरांची जाडी बदलून भरून निघणार नाही. हा रेणू आकाशी आहे, निळा नाही.

नवी मांडणी

आयटीओवर ५ नॅनोमीटर मॉलिब्डेनम ऑक्साइड, ४० नॅनोमीटर टीएपीसी (छिद्रवाहक, ट्रिप्लेट २.८७), १० नॅनोमीटर टीसीटीए (सुमारे २.८), २० नॅनोमीटर एमसीपीत ८ टक्के एफआयआरपिक, ४५ नॅनोमीटर टीएमपीवायपीबी (इलेक्ट्रॉनवाहक, २.७८), मग लिथियम फ्लोराइड १ आणि अ‍ॅल्युमिनियम १००. उजेडाच्या थराला टेकणारं आता काहीही २.६५ च्या खाली नाही. टीसीटीएची छिद्रपातळी ५.७ च्या आसपास असल्याने तो टीएपीसी आणि एमसीपी यांच्यातली पायरीही होतो, एका मोठ्या उंबऱ्याचे दोन लहान उंबरे. उजेडाचा थर २० चाच ठेवल्याने पुनर्मीलन कुठल्याही कडेला झालं तरी धातूपासूनचं अंतर ४५ ते ६५ मध्येच राहतं.

डोपिंगचा हिशेब इथे बऱ्याचदा चुकतो. होस्ट सेकंदाला १ अँगस्ट्रॉम आणि डोपंट ०.०८ ठेवला तर मिळतात ७.४ टक्के, ८ नव्हे. आठसाठी डोपंटचा वेग ०.०८७ हवा, आणि मग २० नॅनोमीटर साधारण १८४ सेकंदांत पडतात. इतक्या कमी वेगाला क्वार्ट्झच्या मापकाचा आकडा नाचत राहतो. झडप उघडायच्या आधी दहा मिनिटं डोपंट एकटा चालवून सरासरी घ्यायची, आणि मापकाचा भूमितीय गुणक डोपंटसाठी वेगळा काढायचा. होस्टचा गुणक डोपंटला लावल्याने ८ चे १२ झालेले असतात आणि कुणाला पत्ता नसतो. प्रमाण चढलं की रेणू एकमेकांना विझवू लागतात.

बदल एका दमात करू नयेत. एकाच फेरीत चार उपकरणं: जुनं, फक्त होस्ट बदललेलं, होस्ट आणि छिद्रवाहक बदललेलं, आणि पूर्ण नवं. चारही एकाच काचेच्या गठ्ठ्यातून, एकाच पावडरीने. कुठल्या बदलाने किती वाढलं हे तेव्हाच कळतं.

तिसरी तक्रार तशीच उरते

रंग सुधारतो, कार्यक्षमता वर जाते, आयुष्य मात्र तासांतच राहतं. काही वेळा नवं उपकरण जुन्याआधी मरतं, कारण टीएपीसी स्वतः टिकाऊ नाही. कार्यक्षम रचना आणि टिकाऊ रचना एकच असतात, असं गृहीत धरू नये.

निळ्या ट्रिप्लेटची २.६५ इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे मोलमागे २५६ किलोज्यूल. तो मायक्रोसेकंदभर थांबतो, आणि त्या वेळात दुसरा ट्रिप्लेट किंवा विद्युतभार येऊन धडकला तर दोघांची ऊर्जा एका रेणूवर जमा होऊन पाच इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पुढे जाते. सेंद्रिय रेणूतले कार्बन-नायट्रोजन बंध तीन-साडेतीनला तुटतात. याखेरीज इरिडियमच्या स्वतःच्या कक्षांमधली एक उद्दीपित अवस्था असते. तिच्यात गेलं की धातू आणि लिगंड यांच्यातला बंध सैल होतो. हिरव्यात ती बरीच वर असते. उजेड निळ्याकडे नेला की उजेड देणारी अवस्था तिच्या जवळ सरकते, आणि खोलीची उष्णताही तिथवर चढायला पुरते. आधी सुटतो तो पिकोलिनेट.

मेलेल्या उपकरणात हे दिसतं. धातूचा थर चिकटपट्टीने उचलून थर थोड्या द्रावकात विरघळवायचे आणि द्रवस्तंभासह वस्तुमान वर्णपट घ्यायचा. न वापरलेलं उपकरण तुलनेला हवंच. ६५२ म्हणजे पिकोलिनेटमधून कार्बन डायऑक्साइड गेला. शेजारी बीफेन (इलेक्ट्रॉनवाहक) असेल तर ९०५ वर जोडी दिसते: पिकोलिनेट गेला आणि रिकाम्या जागी बीफेन दोन्ही नायट्रोजनांनी बसला. बीसीपी त्याच घराण्यातला, त्याच्यासाठी हाच हिशेब ९३३ येतो, आणि जुन्या रचनेत शोधायचा आकडा तो. टीएमपीवायपीबीची पिरिडिनं एकमेकांपासून लांब असल्याने त्याला तसं दोन हातांनी धरता येत नाही.

म्हणून आयुष्याच्या तक्रारीवर थररचनेतून मिळतं ते थोडं. डोपंटचं प्रमाण थराच्या जाडीत उतरतं ठेवून पुनर्मीलन पसरवणं, ट्रिप्लेटची दाटी कमी करणं, होस्ट बदलणं. २०१४ मध्ये अशा उतरत्या डोपिंगने निळ्या फॉस्फोरेसंट उपकरणाचं आयुष्य दहापट झालं, पण तिथला कॉम्प्लेक्स एफआयआरपिक नव्हता. याहून पुढे जायचं तर रेणूच बदलावा लागतो: धातूला घट्ट धरणारे कार्बीन लिगंड असलेले इरिडियमचे कॉम्प्लेक्स, किंवा चारही हात एकाच लिगंडचे असलेले प्लॅटिनमचे. तिथे एक बंध सुटला तरी उरलेले तीन हात लिगंडला जागेवर धरून ठेवतात आणि सुटलेला बंध पुन्हा जुळू शकतो. पिकोलिनेटला धरून ठेवणारे हात दोनच.